रनिंग कमी, झीज जास्त

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बोनेट उघडायच्या आधीच विचारतो, ‘रनिंग किती?’ विकणाऱ्याचं उत्तरही तयार असतं, ‘डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. घर ते दवाखाना, बाकी उभीच.’ रनिंग कमी म्हणजे गाडी कोरी, असं दोघंही धरून चालतात. या समजुतीपायी पुष्कळ चांगल्या गाड्या वेळेआधी खिळखिळ्या होतात. नागपुरात धंतोलीतून निघून सीताबर्डीमार्गे सिव्हिल लाइन्सला रोज तीन-चार किलोमीटर जाणारी गाडी मीटरवर तरुण दिसते. तिचं तेल, बॅटरी आणि टायर मात्र मीटरच्या फार पुढे गेलेले असतात.

हिशेब करून बघा. समृद्धी महामार्गावर ताशी १०० च्या वेगाने गेलं तर १०,००० किलोमीटरला इंजिन १०० तास चालतं. पंचशील चौक, व्हेरायटी चौक, झाशी राणी चौक असं संध्याकाळच्या गर्दीत सरकताना सरासरी वेग ताशी १२ धरला, तर तेच १०,००० किलोमीटर कापायला इंजिनाला ८०० तासांहून जास्त फिरावं लागतं. मीटर दोन्ही गाड्यांना सारखाच आकडा देतो. एकीचं तेल दुसरीच्या आठपट वेळ भाजून निघालेलं असतं, हे त्यावर कुठेच उमटत नाही.

गाडीच्या कंपन्यांना हे ठाऊक आहे. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात सर्व्हिसिंगचे बहुधा दोन तक्ते असतात. एक नेहमीच्या वापरासाठी आणि दुसरा, सहसा मागच्या पानावर, कठीण परिस्थितीतल्या वापरासाठी. कठीण म्हणजे काय, त्याची यादीही तिथेच असते : वारंवार छोट्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणं, बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं, धुळीचे रस्ते, खूप उष्ण हवामान. मार्च ते जूनमधली सीताबर्डी यातल्या जवळपास सगळ्या अटी पुऱ्या करते. तरीही आपण पहिला तक्ता बघून ‘अजून दहा हजार झाले नाहीत’ म्हणत सर्व्हिसिंग पुढे ढकलतो. अनेक पुस्तकांत दुसऱ्या तक्त्यानुसार तेल बदलायचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं.

कशाला हात लावायचा, कशाला नाही

पण म्हणून दिसेल ते बदलत सुटायचं का? या प्रश्नावर सर्वात खोल विचार विमानवाल्यांनी केला आहे. ठरावीक तास उडालं की प्रत्येक भाग खोला, बदला, असा त्यांचा एकेकाळचा खाक्या होता. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की विमानाच्या सुमारे ८९ टक्के भागांना वय पाहून बदलण्याचा काहीच फायदा होत नाही. ते भाग म्हातारे होऊन बिघडत नाहीत, कधीही बिघडतात. उलट चांगला चालणारा भाग उघडला की जोडताना नवी चूक होण्याची शक्यता वाढते.

मोटारीतलं प्रमाण हेच असेल असं नाही, कारण तिथे घासून झिजणारे भाग जास्त. पण विचाराची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. गाडीतल्या वस्तूंचे तीन गट पाडावेत. पहिला, तारीख पाहून बदलायच्या वस्तू : इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि ज्या गाडीत असेल तिथे टायमिंग बेल्ट. दुसरा, मोजून आणि पाहून बदलायच्या : टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर, फॅन बेल्ट. आणि तिसरा गट म्हणजे बिघडेपर्यंत ज्यांच्या वाटेला जाऊ नये असे सेन्सर, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक डबे. सर्व्हिसिंगचं बिल हातात आल्यावर प्रत्येक ओळ कोणत्या गटात बसते एवढं पाहिलं, तरी निम्मा गोंधळ संपतो.

गाडी गरम का होते

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. नवतपा लागला की सिग्नलवर थांबलेल्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधाव्या लागतात. अशा दिवसांत मिस्त्रीकडे गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘काऊन भाऊ, गाडी गरम होऊन राहिली का?’

धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो आणि रेडिएटरमधलं कूलंट थंड होतं. गर्दीत थांबलेल्या गाडीला वारा नाही, तिथे सारी मदार रेडिएटरच्या पंख्यावर. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि गाडीतली गरमी तो तिथेच ओततो. म्हणूनच महामार्गावर काटा हलत नाही आणि व्हेरायटी चौकात चढतो. पंख्याची मोटर किंवा रिले अर्धमेली झालेली असेल, तर ते हमखास इथेच कळतं. हायवेवर त्याचा पत्ताही लागत नाही. मार्चमध्येच एकदा गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावं, एसी लावावा आणि पंखा फिरू लागल्याचा आवाज येतो का ते ऐकावं.

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यात एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं असतात. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण साध्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून हाच बिंदू १२५ अंशांच्या पुढे नेतं. झाकणाचं रबर सैल झालं, की दाब टिकत नाही आणि तेच कूलंट लवकर उकळू लागतं. म्हणजे शे-दोनशे रुपयांचं झाकण हेड गॅसकेटचं काम काढू शकतं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये तेही याच कारणाने. दाब सुटला, की आतलं द्रव त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेणं ही जुनी सवय आहे. अडचणीत एकदा चालेल, पण पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि गंजरोधक पातळ होत जातं. वरून कूलंट वारंवार कमी होत असेल, तर ते कुठेतरी जातंय. भर घालणं हा त्यावरचा इलाज नाही, गळती शोधावी लागते.

बघायचं कसं, तर सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडावं. इंजिनाच्या बाजूला अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची बाटली असते. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी आणि रंग स्वच्छ हिरवा, गुलाबी किंवा जो मूळचा असेल तो. तपकिरी, गढूळ दिसला तर आत गंज सुटला आहे. वर तेलकट साय दिसली तर तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळू लागलं असावं. अशी गाडी त्या दिवशी चालवू नये.

डॅशबोर्डवर काटा आहे, मग बोनेट कशाला उघडायचं, असं वाटेल. सेन्सरवर किती विसंबावं याचा धडा नागपूरनेच घेतलेला आहे. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेलगतच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं, देशभर बातमी झाली. दुसरी काही केंद्रं त्या वेळी ४४ च्या आसपास दाखवत होती. हवामान खात्याने तपासल्यावर सेन्सर बिघडल्याचं निघालं. गाडीत याच्या उलटही घडतं. कूलंट पुरतं गळून गेलं, की तापमानाचा सेन्सर द्रवाऐवजी हवेत उघडा पडतो आणि काटा कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन भाजत असतं आणि काटा शांत. म्हणून बाटली डोळ्यांनी बघायची.

छोट्या फेऱ्या आणि तेल

इंजिन ऑइल वंगण तर पुरवतंच, शिवाय उष्णता वाहून नेतं, काजळी पोटात घेतं आणि आम्लं मारतं. जळणाच्या क्रियेत पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल तेलात उतरत असतं. अर्धा-पाऊण तास इंजिन नीट तापलं, की ते उडून जातं. धंतोली ते सीताबर्डी एवढ्या अंतरात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, तेल पुरतं तापतच नाही. ओल आत राहते, तेलाची रसायनं संपतात आणि गाळ धरू लागतो. रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटर न बघता सहा महिने ते वर्षाने बदलावं ते यासाठी. पंधरवड्यातून एकदा तिला रिंग रोडवर निवांत अर्धा तास चालवणंही तिच्या तब्येतीला मानवतं.

तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंड असतानाचा पातळपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. नागपूर गरम म्हणून आपल्या मनाने जाड तेल टाकणं बरोबर नाही. नव्या इंजिनातल्या फटी इतक्या बारीक असतात, की जाड तेल तिथवर वेळेत पोचत नाही. पुस्तकात जो ग्रेड दिला आहे तोच वापरावा. आणि तेल काळं झालं म्हणून घाबरू नये. डिझेल गाडीत ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते त्याचं कामच आहे.

एअर फिल्टरचं गणित थेट धुळीशी. जिथे सिमेंट रस्त्यांची किंवा पुलाची कामं चालू असतात, तिथून रोज जाणाऱ्याने तक्त्याची वाट न बघता तो काढून उजेडासमोर धरून बघावा. उजेड आरपार दिसत नसेल, तर फिल्टर गेला.

टायर : हवा आणि वय

‘उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल,’ हा सल्ला पंक्चरच्या दुकानात सर्रास मिळतो आणि तो नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते. दुमडण्याने उष्णता तयार होते, रबर आणि आतली दोरी एकमेकांपासून सुटू लागतात. शहरात ३० च्या वेगाने हे खपून जातं. तीच गाडी शिवमडक्याहून समृद्धीवर चढली आणि तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास १०० ते १२० ने धावली, की टायर जीव सोडतो. या महामार्गावरच्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना आत जाण्यापासून रोखलं.

आता दुसरी बाजू. ३० अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर ३७-३८ दाखवते. हे भौतिकशास्त्र आहे, बिघाड नाही, आणि टायर बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. पंचवीस किलोमीटर चालवून पंपावर गेलं, ३८ पाहिलं आणि पाच पीएसआय सोडून दिले, तर रात्री टायर थंड झाल्यावर २८-२९ उरतात. म्हणून हवा सकाळी, थंड टायरवर तपासावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीवरचा घ्यावा. नायट्रोजन भरणं वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला हवा तपासण्याची सवय असेल, तर साधी हवा पुरते.

कमी रनिंगच्या गाडीची खरी गोम टायरच्या वयात असते. खोबणी खोल दिसते, रबर मात्र उन्हाने वाळून कडक झालेलं असतं. टायरच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ‘२२१९’ असेल तर तो २०१९ सालच्या २२ व्या आठवड्यातला. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून बघून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर खोबणी कितीही असो, काढून टाकावा, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असतो. खोबणीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की ती मर्यादा गाठली. स्टेपनीलाही हेच नियम. डिक्कीत पडून राहिलेली स्टेपनी बहुधा चारही चाकांहून म्हातारी निघते.

ब्रेक ऑइल आणि बॅटरी

ब्रेक ऑइलकडे कोणी बघत नाही, कारण ते संपत नाही. ते बिघडतं हवेतल्या ओलाव्याने. ग्लायकॉलचं असल्यामुळे ते पाणी शोषतं. ताजं ‘डॉट ४’ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. सीताबर्डीत हळूहळू सरकताना फरक जाणवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब घेऊन चिखलदऱ्याला गेलात आणि परतवाड्याकडे घाट उतरताना सारखा ब्रेक दाबलात, की ते पाणी उकळतं. वाफ दाबली जाते, ब्रेक नाही, आणि पाय खाली जातच राहतो. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं हे गाडीतलं स्वस्तात मस्त काम आहे. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहणं तर फुकटच आहे.

बॅटरी उन्हाळ्यात मरते आणि हिवाळ्यात कळते. तापमान दहा अंशांनी वाढलं, की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि त्यात बॅटरीच्या पट्ट्या झिजवणाऱ्या क्रियाही आल्या. मे महिन्यात बोनेटखाली ती खंगते. जानेवारीच्या थंड सकाळी इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो तेव्हा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साध्या मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या जवळ हवी. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आगेमागे आला नाही, तर बॅटरीआधी अल्टरनेटर तपासावा, नाहीतर नवी बॅटरीही तशीच बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती पुसून काढावी.

पाण्यात बुडालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, पंचशील चौकातल्या पुलाचा भाग खचला. तळघरात आणि अंगणात उभ्या असलेल्या शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी खरं नुकसान बहुतेकदा पाणी ओसरल्यावर होतं, जेव्हा मालक ‘चालू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवतो.

इंजिनाचा पिस्टन हवा दाबतो, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं, की पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांचं काम लाखावर जातं. पाण्यात गेलेल्या गाडीला किल्ली लावू नये, बटणाच्या गाडीत बटण दाबू नये. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि गाडी टो करून न्यावी. एअर फिल्टर ओला निघाला, तर इंजिन उघडल्याशिवाय ते फिरवूच नये. साधी विमा पॉलिसी असं वाकलेलं इंजिन सहसा भरून देत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नरेंद्रनगरच्या भुयारी पुलात पाणी तुंबलं असताना ‘निघून जाऊ’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

पावसाआधीची तयारी मात्र अगदी किरकोळ आहे. समोरच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला अडकतो, भोकं बुजतात आणि पाणी आत, वायरिंगवर उतरतं. ती जाळी हाताने साफ करावी. वायपरचं रबर मेच्या उन्हाने कडक झालेलं असतं, ते मृगाच्या आधी बदलावं. पहिल्या सरीत काच पुसली न जाता माखली, तेव्हा दुकानात गर्दी झालेली असते.

नको असलेली सर्व्हिसिंग

सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसी ट्रीटमेंट, कोटिंग अशा ओळी आपोआप उगवतात. त्या सगळ्या खोट्या असतात असं नाही, पण बहुतेकींचा पुस्तकातल्या तक्त्यात पत्ता नसतो. अशा वेळी वाद घालायचं कारण नाही. ‘पुस्तकात हे कोणत्या पानावर आहे, दाखवता का?’ एवढं विचारावं. जॉब कार्डवर जे लिहिलं आहे तेवढंच करायला सांगावं. बदललेले भाग परत मागावेत : जुना ब्रेक पॅड हातात घेतला, की तो तीन मिलिमीटर उरला होता की सात, हे कळतं. गल्लीतल्या मिस्त्रीकडे जात असाल, तर तेलाचा डबा आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि बिल घ्यावं. गाडी वॉरंटीत असेल, तर त्या बिलाची किंमत तेलाहून जास्त असते.

वर्षाचं वेळापत्रक

नागपुरी हवामान पाहता वर्षात तीन मुक्काम पुरेत. होळीच्या सुमारास कूलंट, रेडिएटरचा पंखा, बेल्ट, एसी आणि टायरची हवा. मृगाआधी वायपर, दिवे, खोबणी, काचेखालची जाळी आणि ब्रेक. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतोच, त्याच दिवशी बोनेटही उघडावं. पावसाळ्यात चाकांत अडकलेला चिखल काढावा, बॅटरी मोजावी, तेलाची तारीख बघावी. प्रत्येक वेळी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख, किलोमीटर आणि काय केलं हे लिहावं.

हे सगळं मालकानेच का करायचं, याला एक सरळ कारण आहे. रस्त्यावरचा ट्रक, ट्रॅव्हल्सची बस, टॅक्सी यांना फिटनेस तपासणी द्यावी लागते : गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. एसटीसाठी तर महामंडळाच्या हिंगण्यासारख्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. एमएच-३१ किंवा एमएच-४९ पाटीच्या खासगी गाडीला नोंदणीनंतर १५ वर्षं असं कोणी विचारत नाही. पीयूसीवाला फक्त धूर बघतो. ब्रेक ऑइल किती जुनं आहे, टायर कोणत्या सालचा आहे, हे तपासायला त्या १५ वर्षांत एकही सरकारी माणूस येणार नाही, आणि किलोमीटरचा आकडा तर ते सांगतच नाही.